लाकूड फुगले, नेम ढळला

पावसाळ्यात लाकडी दार फुगते आणि चौकटीत अडकते. लाकडाचा हाच गुणधर्म साठच्या दशकात व्हिएतनाममध्ये अमेरिकी लष्कराच्या नेमबाजांना नडला. १९५७ मध्ये स्वीकारलेली एम-१४ ही रायफल तशी दणकट, पण तिचा दस्ता बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा असे. दमट हवेत दस्ता फुगला की रायफलच्या यंत्रणेवर येणारा दाब बदलतो आणि कालपर्यंत मध्यावर बसणारी गोळी बाजूला जाऊ लागते.

गोळ्या एकाच ठिकाणी जमायच्या, तर प्रत्येक वेळी रायफलचे सर्व भाग तंतोतंत त्याच जागी असावे लागतात. हाताने बोल्ट ओढण्याच्या रायफलीत हे तुलनेने सोपे. अर्धस्वयंचलित रायफलीत मात्र गोळी सुटताना नळीतील थोडा वायू दट्ट्याला मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचे काडतूस चढते. एवढ्या धावपळीनंतर सारे भाग पुन्हा जागच्या जागी बसायला हवेत. कोनाच्या एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर भरतो. ६०० मीटरवर तोच साडेसतरा सेंटिमीटर होतो.

यावरचा तोडगा युद्धभूमीवर नव्हे, स्पर्धांच्या मैदानावर तयार होत होता. ओहायोतील कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय स्पर्धांसाठी लष्करी कारागीर एम-१४ रायफली आधीपासूनच सिद्ध करीत असत. त्यातून एम-२१ घडली. निवडक नळी, बारकाईने जुळवलेला चाप, राळ मुरवलेला दस्ता आणि यंत्रणा व दस्ता यांमधील फट भरून काढणारा काचतंतूमिश्रित राळेचा थर, ही तिची वैशिष्ट्ये. जोडीला स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे आणि जेम्स लेदरवूड यांनी कल्पिलेली, अंतर मोजता मोजता नेमाची उंचीही साधून देणारी दुर्बीण. मेकाँगच्या खोऱ्यात लढलेले सार्जंट अॅडेलबर्ट वॉल्ड्रन यांच्या नावावर १०९ शत्रुसैनिकांची नोंद आहे. त्यांच्या हाती हीच रायफल होती.

भारतीय लष्कराने दीर्घकाळ वापरलेली द्रागुनोव्ह ही मुळातच दूरच्या नेमासाठी घडवलेली अर्धस्वयंचलित रायफल. एम-२१ ही मात्र सामान्य पायदळी रायफलीची सुधारित आवृत्ती होती आणि या उसनवारीची किंमत तिला मोजावी लागली. राळेच्या थरात घट्ट बसवलेली रायफल दस्त्यातून वारंवार काढली की ती बसणी झिजते आणि मिळवलेली अचूकता हातची जाते. चिखलपाण्यात तर हत्यार उघडून साफ करणे ही सैनिकाची रोजची गरज. एकीकडे नेम, दुसरीकडे स्वच्छता, अशा या पेचातून एम-२१ कधीच पूर्णपणे सुटली नाही. १९८८ मध्ये अमेरिकी लष्कराने तिच्या जागी हाताने बोल्ट ओढण्याची एम-२४ आणली.

तरीही २००१ नंतर अफगाणिस्तान आणि इराकमध्ये जुन्या एम-१४ रायफली कोठारांतून पुन्हा बाहेर निघाल्या. या वेळी त्यातील अनेकींना अॅल्युमिनियमचा सांगाडा चढवण्यात आला. तो ओल धरत नाही, फुगतही नाही; रायफलीचे वजन मात्र पाच किलोंच्या वर गेले.