गाणं तेच, बँड दुसरा

अकोटात लग्नसराईला वरातीच्या बँडनं ‘शोला जो भडके’ धरलं, की पहिल्या ओळीतच अख्खा घोळका नाचायला लागतो. १९५१ च्या ‘अलबेला’साठी ते लताबाई आणि चितळकरांनी गायलं. इथे दोघंही नाहीत, शब्दही नाहीत. आहेत फक्त क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ढोल. तरी गाणं ओळखू येतं, आणि ते मूळ गाण्यासारखं मुळीच वाजत नसतं. गाण्याचं नेमकं काय टिकतं आणि काय बदलतं, हा प्रश्न मला फार मोठा वाटतो.

याचं लख्ख उदाहरण १९५४ च्या न्यूयॉर्कमध्ये सापडतं. १५ फेब्रुवारीला बिग जो टर्नरनं अटलांटिक कंपनीसाठी ‘शेक, रॅटल अँड रोल’ ध्वनिमुद्रित केलं. टर्नर हा कॅन्सस सिटीच्या बारमध्ये ग्लास भरता भरता गाणारा भरदार आवाजाचा माणूस. गाणं जेसी स्टोनचं, कागदावर मात्र त्याचं टोपणनाव, चार्ल्स कॅलहून. मागे ओरडणाऱ्या कोरसमध्ये खुद्द स्टोन आणि कंपनीचे कर्तेधर्ते अहमेट एर्टेगन व जेरी वेक्सलर! रिदम अँड ब्लूजच्या यादीत गाणं पहिलं आलं. ही यादी कृष्णवर्णीयांच्या बाजारपेठेची, गोऱ्यांची वेगळी. चारच महिन्यांनी, ७ जूनला, त्याच शहरात बिल हॅले आणि त्याच्या कॉमेट्स बँडनं डेका कंपनीसाठी तेच गाणं पुन्हा केलं. त्याच्या दहा लाखांवर तबकड्या खपल्या.

दोन्हींचा सांगाडा एकच. चार ठोक्यांचा एक खण, असे बारा खण, त्यांत फक्त तीन कॉर्ड. बारा संपले की पुन्हा पहिल्यापासून. आपल्या केरव्यात कान समेची वाट बघतो. इथे टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. हातानं वाजवून बघा, अंग आपोआप डुलायला लागतं. टर्नर या चौकटीत ऐसपैस बसून गातो, त्याला कसलीच घाई नाही. हॅलेचा बँड धावतो. मार्शल लिटल उभ्या बासची तार ओढून पट्टीवर आपटतो, त्यातून ‘टक्’ असा कोरडा आवाज निघतो आणि बास एकाच वेळी सूरही देतो, ठेकाही. तेच बारा खण, पण एकात रात्र सरत आलेली, दुसऱ्यात शाळा सुटलेली!

शब्दांचंही तसंच. टर्नर बाईला बिछान्यातून उठवतो, तिच्या कपड्यांतून आरपार दिसणाऱ्या उन्हाबद्दल बोलतो. हॅलेनं ते सगळं गाळलं आणि गाणं थेट स्वयंपाकघरातून सुरू केलं. गोऱ्या घरांतल्या रेडिओला चालेल असं. गंमत म्हणजे एकडोळ्या मांजराची, सगळ्यांत चावट ओळ तशीच राहिली. ती बहुधा कुणाच्या लक्षातच आली नाही.

आता पैशांचं. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानं, एकदा गाणं तबकडीवर आलं की ठरलेला मोबदला देऊन कुणीही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकत असे. तो मोबदला गाणं रचणाऱ्याचा आणि प्रकाशकाचा, पहिल्यांदा गाणाऱ्याचा नव्हे. म्हणजे हॅलेच्या तबकड्यांतून स्टोनला वाटा होता, टर्नरला काहीच नाही. हे मला आजही खुपतं. आपल्याकडे पाच वर्षं थांबावं लागतं, रॉयल्टी भरावी लागते. वरातीला मात्र भारताच्या कॉपीराइट कायद्यानं स्पष्ट सूट दिली आहे, कलम ५२ मध्ये. अकोटचा बँडवाला बिनघोर वाजवू शकतो.

या ठेक्याची लाट आपल्याकडे पोचायला तीन वर्षं लागली. १९५७ च्या ‘आशा’मध्ये ‘ईना मीना डीका’ आलं. संगीतकार चितळकर रामचंद्र, म्हणजेच ‘शोला जो भडके’वाले सी. रामचंद्र, पुणतांब्याचे, संगीताचे धडे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे घेतलेले. आणि ‘अलबेला’त ज्यांच्या पावलांवर आजही वराती नाचतात ते भगवानदादा जन्मले अमरावतीत. वऱ्हाडाला हा ठेका परका नाहीच.

टर्नर आणि हॅले यांच्यात वैर नव्हतं. १९६६ मध्ये मेक्सिकोत टर्नरनं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा साथीला हॅलेचेच कॉमेट्स होते. मला विचाराल तर हॅलेची तबकडी नाचायला उत्तम, पण गाणं टर्नरचं. दोन्ही जरूर ऐका, आणि आधी टर्नर ऐका.