बिल्ल्याचा हिशेब

बॉयलरच्या वेल्डिंगचा सांधा पक्का आहे की नाही, हे पाहण्यासाठी इरिडियमच्या किरणांनी त्याचा फोटो काढतात. काढणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो. थोडी किरणे अंगाला जाणवत नाहीत. बिल्ला ती मोजतो. आपल्याकडे अशा कामगाराला पाच वर्षांत 100 मिलीसीव्हर्ट, त्यातही एका वर्षात 30, ही मर्यादा. तुम्हांआम्हां नागरिकांना वर्षाला 1.

मर्यादेच्या आत सारे निर्धोक, असे आम्हांला नेहमी ऐकवतात. पण आंतरराष्ट्रीय आयोगाने वर्षाला 50 ची मर्यादा 1990 साली सरासरी 20 वर आणली. माणसाचे शरीर तर तेच होते! फ्रान्स, ब्रिटन व अमेरिकेतील तीन लाखांवर अणुकामगारांची पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तीत 100 च्या आतही मात्रेबरोबर कर्करोगाचे मृत्यू वाढलेले आढळले. वाढ थोडी आहे, हेही खरे. मोडल्या हाडाचा एक्स-रे कोणी टाळू नये.

कंत्राटी कामगार मात्र आज इथे, उद्या तिथे. हिशेब मागेच राहतो. 2004 च्या नियमांप्रमाणे मात्रेची नोंद मालकाने दरवर्षी, मागेल तेव्हा, आणि नोकरी सुटताना कामगारास द्यावयाची आहे. शेवटच्या पगाराबरोबर हा कागदही मागून घ्या, असे आम्ही आमच्या माणसांना सांगतो.