आडव्या नावा आणि उभी तापी

गेल्या मार्गशीर्षाच्या आरंभी थाळनेरच्या एका मत्स्यव्यवसायी मित्राचा निरोप आला की, मोटारबोट सारंगखेड्यास न्यावयाची आहे, सोबतीस माणूस हवा. आणि ज्या तापीच्या काठी माझे अर्धे आयुष्य गेले, तिच्या प्रवाहाबरोबर आपण चार कोसदेखील कधी गेलेलो नाही, हे त्या दिवशी प्रथमच माझ्या ध्यानात आले.

हे न्यून माझ्या एकट्याचे नव्हे. खानदेशात नावा चालल्या त्या आडव्या चालल्या. या तीरावरची माणसे, गुरे आणि बाजाराची ओझी त्या तीरास उतरवावी आणि तरीच्या मक्त्याची रक्कम सरकारात भरावी, एवढाच त्यांचा व्यवहार. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींचा स्वतंत्र कायदा झाला, तोही मुख्यतः या आडव्या वाहतुकीच्या बंदोबस्तासाठी. त्याच्याही पूर्वी, १६१५ साली, इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून बुऱ्हाणपुरास शहाजादा परवेझच्या भेटीस निघाला, तेव्हा दोन्ही शहरे एकाच तापीच्या काठी वसलेली असूनही तो खुष्कीच्या मार्गानेच गेला. मुलताईस उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे धावणारी ही नदी पावसाळ्यात उंच दरडी पोखरीत जाते आणि उन्हाळ्यात काळ्या खडकांतील डोहांपुरती उरते. अशा पात्रावर मालाची नाव कोण घालणार?

थाळनेरचा घाट सोडताना किल्ल्याचे भग्न अवशेष उजव्या हाताला राहिले. फारुकी सुलतानांचे हे आरंभीचे ठाणे. त्यांच्या कबरी अद्याप गावात आहेत. १८१८ च्या फेब्रुवारीत सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने हा किल्ला घेतला, आतल्या शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिली. त्या तटाखालून जाताना मित्राने इंजिन मंद केले, आणि कोणीही काही बोलले नाही.

पुढचा प्रवास मात्र मला अपूर्व वाटला. सुलवाडे बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे पाणी संथ आणि खोल होते. दोन्ही दरडींवर केळी, पपई आणि कापूस. आणि पाण्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांच्या उपशाच्या मोटारी व त्यांचे दोर, ज्यांत पंखा गुंतू नये म्हणून एक भोई तरुण नावेच्या टोकाशी बांबू घेऊन सावध बसला होता. सावळद्यास मुंबई-आग्रा रस्त्याच्या पुलाखालून गेलो, तेव्हा ज्या पुलावरून शेकडो वेळा गेलो त्याचे खांब खालून प्रथमच पाहिले.

सुलवाड्यास मात्र हा मार्ग खुंटला. बंधाऱ्यास पाणी सोडण्याचे दरवाजे आहेत, नावेस जाण्याचा दरवाजा नाही. गंगेवर फरक्का येथे दोन फाटकांमधील हौदात पाणी भरून अथवा सोडून जहाज वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरविण्याची सोय आहे. तशी सोय येथे नाही. इंजिन सोडवून, बारा माणसांच्या खांद्यांवरून बोट दरडीवर चढविली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भाताच्या पेंढ्यात बसविली आणि बंधाऱ्याखालचा उघडा खडकाळ पट्टा ओलांडून खोल पाणी लागेपर्यंत रस्त्याने नेली. पाण्यावर जेवढा वेळ गेला, त्याच्या दुप्पट वेळ या उतारचढावात गेला. सारंगखेड्यास पोहोचलो तेव्हा एकमुखी दत्ताच्या यात्रेसाठी घोड्यांचे तांडे उतरू लागले होते.

हातनूरच्या ४१ दरवाज्यांच्या धरणापासून खंभातच्या आखातापर्यंतची ४३६ किलोमीटरची तापी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० म्हणून जाहीर झाली आहे. देशातील १११ जलमार्गांच्या यादीत तिचे नाव आल्याचा मला आनंद आहे. परंतु हातनूरच्या खाली शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा आणि पुढे गुजरातेत उकाई व काकरापार, अशी जी बंधनांची साखळी आहे, तिच्याविषयी त्या यादीत एक अक्षरही नाही. ज्या बंधाऱ्यांनी शतकानुशतकांच्या उथळ तापीला नाव चालेल एवढे पाणी दिले, त्यांनीच तिचे तुकडे केले. शेतीला पाणी मिळाले हे मोठेच कार्य. पण त्याच खर्चात, बंधाऱ्याच्या कडेने वरून खालपर्यंत एक पक्का उतार बांधला असता, तर भोयांच्या होड्या, पूरकाळातील बचावाच्या नावा आणि आमची बोट खांद्यावर न घेता नेता आली असती.

अमळनेर तालुक्यात पाडळसरे येथील निम्न तापी प्रकल्पाचे काम अजून पुरे व्हावयाचे आहे. ज्यांच्या दफ्तरात त्याचे नकाशे आहेत त्यांनी आणि ज्यांची गावे त्या फुगवट्याकाठी आहेत अशा वाचकांनी हा एक उतार नकाशात घालून घ्यावा, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे.