गोळी रोजची, पैसा परदेशाचा: एड्सविरोधी मदतीचं गणित समजून घेऊ या

20 जानेवारी 2025 रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी अमेरिकेची परदेशी मदत 90 दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला. त्यात 'पेपफार' ही एड्सविरोधी योजनाही अडकली. आठवडाभरात जीव वाचवणाऱ्या औषधांना सूट जाहीर झाली खरी, पण तोवर आफ्रिकेत अनेक दवाखान्यांना कुलूप लागलं होतं. पुढे 1 जुलैला यूएसएड हा मदत पोचवणारा विभागच गुंडाळला गेला.

पेपफार म्हणजे काय?

2003 मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ही योजना जाहीर केली. पाच वर्षांसाठी 15 अब्ज डॉलर, आणि भर मुख्यतः आफ्रिकेवर. त्यानंतर आजवर 100 अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला. 2024 पर्यंत 2 कोटींहून अधिक लोक या मदतीवर औषध घेत होते. अडीच कोटी जीव वाचले, असं अमेरिकन सरकारच सांगतं.

यात मुंबई कुठून आली?

2000 च्या सुमारास श्रीमंत देशांत एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना 10 ते 15 हजार डॉलर लागत. गरीब देशातल्या माणसाने ते आणायचे कुठून? फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. यूसुफ हमीद यांनी तीच तीन औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आत, देऊ केली. पेपफारमध्ये सुरुवातीला महागडी ब्रँडेड औषधंच घेतली जात. नंतर जेनेरिक औषधांना दार उघडलं आणि त्यात भारतीय कंपन्यांचा वाटा मोठा राहिला. त्यामुळे तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त रुग्णांना औषध मिळू लागलं.

मदत थांबली तर एवढं काय बिघडतं?

रस्ता किंवा इमारत अर्धवट राहिली, तर काम नंतर पुढे चालू करता येतं. इथे तसं नाही. एचआयव्हीचा विषाणू औषधाने दबतो, मरत नाही. गोळी आयुष्यभर, रोज घ्यावी लागते. ती बंद झाली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो, प्रतिकारशक्ती खालावते, टीबीसारखे आजार गाठतात. गोळ्या कधी मिळाल्या, कधी नाही, असं झालं तर औषधच लागू पडेनासं होण्याचा धोका असतो. शिवाय नीट उपचार चालू असलेल्या आणि विषाणू पूर्ण दबलेल्या माणसाकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. उपचार तुटला की हे संरक्षणही जातं. गरोदर मातेचंही तसंच. उपचार नसेल तर 15 ते 45 टक्के बाळांना लागण होते; उपचाराने हे प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली येतं.

विरोध करणारे काय म्हणतात?

"आमच्या टॅक्सचा पैसा बाहेर का?" हा अमेरिकन माणसाचा सवाल गैर नाही. पण तिथली सगळी परदेशी मदत मिळून केंद्रीय बजेटच्या साधारण 1 टक्काच भरते.

दुसरा आक्षेप अटींचा. 2003 च्या कायद्यात प्रतिबंधाच्या निधीतला एक तृतीयांश भाग लग्नापूर्वी संयम पाळा, या प्रचारासाठी राखून ठेवला होता. प्रत्येक देशाची गरज वेगळी, मग हिशेब वॉशिंग्टनमधून का, अशी टीका झाली. 2008 मध्ये ती सक्ती गेली.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे: या देशांनी स्वतःच्या पायावर कधी उभं राहायचं? 2001 मध्ये नायजेरियातल्या अबुजा इथे आफ्रिकी देशांनी बजेटचा 15 टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याचं वचन दिलं. मोजक्याच देशांनी ते पाळलं. दक्षिण आफ्रिका मात्र आपल्या एचआयव्ही कार्यक्रमाचा बहुतांश खर्च स्वतः उचलते, म्हणजे हे अशक्य नाही.

मग मार्ग कोणता?

मदत कायमची चालणार नाही, हे मान्य. पण ती कमी करायची तर वर्षांचं वेळापत्रक हवं: यंदा एवढा वाटा तुमचा, पुढच्या वर्षी एवढा, आणि दरम्यान नर्स, प्रयोगशाळा, औषधसाठा स्थानिक सरकारच्या हाती. मदत देणाऱ्याने हात काढून घेण्याआधी घेणाऱ्याला तयारीचा वेळ दिला पाहिजे. कारण सरकारची फाईल 90 दिवस थांबू शकते, रुग्णाची गोळी नाही.