सरासरी 60, पण गाडी 60 ने धावलीच नाही

जळगाव ते धुळे अंतर साधारण 90 किलोमीटर. एरंडोल, पारोळा करत जाताना ताशी 45 ची चाल पडली आणि येताना ताशी 90 ची, तर एकूण सरासरी किती? बहुतेक जण दोन्हींची बेरीज करून निम्मी करतात आणि साडेसदुसष्ट सांगतात. हे उत्तर चूक आहे. जायला दोन तास लागले, यायला एक. 180 किलोमीटरला तीन तास, म्हणजे ताशी 60. कमी चालीत वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकते. शिवाय गाडी पुन्हा जळगावातच आल्यामुळे विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. चाल आणि वेग एकच, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण एकदा कागदावर मांडून पाहावं.

सरासरी 60 आली तरी गाडी 60 ने धावत होती असंही नाही. गावातल्या गर्दीत काटा 20 वर येतो, मोकळ्या रस्त्यावर 90 च्याही पुढे जातो. एका क्षणाची गती ही वेगळी गोष्ट. हा विचार फक्त युरोपात झाला, हा समज खान्देशात तरी टिकू नये. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांची ‘तात्कालिक गती’ मांडली. चंद्राची गती सतत बदलते; तिथी संपायची वेळ जवळ आली असेल, तर दिवसभराच्या फरकावरून काढलेली स्थूल गती पुरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ काढला होता. आपल्या शाळांत गतीचा धडा शिकवताना भास्कराचार्यांचं नाव निघायलाच हवं.

त्वरण म्हणजे फक्त वेग वाढणं नव्हे. कमी होणं हेही त्वरणच. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत वरच्या बिंदूवर क्षणभर थांबतो, तेव्हाही त्याचं त्वरण 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेनेच असतं. ते शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच राहिला असता.

एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे जातात. त्यांना पुढे कोणी ढकलत नाही. बस थांबते, त्यांचं शरीर आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं. गती टिकवायला सतत बल लागतं असं वाटतं, कारण घर्षण सगळीकडे आहे. बल लागतं ते गती बदलायला. न्यूटनने 1687 मध्ये हा नियम मांडला.

जिवावर बेतणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे: चाल दुप्पट, तर थांबायचं अंतर दुप्पट. प्रत्यक्षात ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद आणि नंतर 5 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा मंदावण्याचा दर धरू. ताशी 40 ची गाडी सुमारे 23 मीटरमध्ये थांबते, 80 च्या गाडीला 71 ते 72 मीटर लागतात. आता रात्री महामार्गावर बिनदिव्याचा ट्रक उभा आहे आणि तो 50 मीटरवर दिसला. 40 वाली गाडी अलीकडेच थांबेल. 80 वाली पूर्ण ब्रेक दाबूनही ताशी सुमारे 53 च्या वेगाने त्याच्यावर आदळेल. रात्री निघालात, तर दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल एवढीच चाल ठेवा.