दोन खिडक्या आणि दूरचा डोंगर

ऑस्कर बार्नाकला दमा होता आणि रानावनात भटकण्याचं वेडही होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या थुरिंगियाच्या जंगलात तो फिरायला जाई, तेव्हा त्याच्या सोबतीला १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेट्स घेणारा कॅमेरा असे. कॅमेरा, प्लेट्सच्या चौकटी आणि तिवई घेऊन चढ चढताना त्याला धाप लागे. निगेटिव्ह लहान ठेवायची आणि चित्र नंतर मोठं करायचं, हा विचार त्या ओझ्यापायीच त्याच्या मनात आला. १९११ मध्ये तो वेट्झलार गावी अर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात रुजू झाला. १९१४ च्या सुमारास त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी चालवून २४ बाय ३६ मिलिमीटरचं चित्र टिपणारा छोटा कॅमेरा तयार केला. १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारमेळ्यात तो ‘लायका’ या नावाने लोकांसमोर आला.

पुढे हे नाव रस्त्यावरच्या आणि बातमीसाठीच्या छायाचित्रणाशी घट्ट जोडलं गेलं. लायका म्हटलं की लोकांना पॅरिसच्या गल्ल्या आणि छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आठवतात. पण डोंगरात पायी जाणाऱ्या माणसाच्या पाठीवरचा भार हलका व्हावा, हा या यंत्राचा मूळ हेतू होता. म्हणून लायकाच्या वळणाचा आजचा डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करायचा कॅमेरा, निसर्गचित्रणाला कितपत उपयोगी आहे, हे तपासताना आपण त्या यंत्राला त्याचं जुनंच काम सांगत असतो. ते काम तो करतो. मात्र त्यासाठी छायाचित्रकाराला बरेच निर्णय कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी घ्यावे लागतात. या सक्तीतच मला या कॅमेऱ्याचं खरं मोल दिसतं.

यंत्र चालतं कसं

बार्नाकच्या पहिल्या कॅमेऱ्यात रेंजफाइंडर नव्हता; अंतर अंदाजाने लावावं लागे. लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर १९३२ च्या लायका टूमध्ये आला. १९५४ च्या लायका एमथ्रीमध्ये रेंजफाइंडर आणि व्ह्यूफाइंडर एकाच खिडकीत आले, आणि मूळ रचना आजही तीच आहे.

कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला दोन खिडक्या असतात. मोठ्या खिडकीतून डोळा समोरचं दृश्य थेट पाहतो. छोट्या खिडकीतून आलेली दुसरी प्रतिमा आत वळवून दृश्याच्या मधोमध एका उजळ चौकोनात उमटवली जाते. फोकसची रिंग फिरवली की लेन्सच्या मागची कड एका छोट्या रोलरला ढकलते, रोलरचा दांडा आतली प्रतिमा सरकवतो, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की फोकस झाला. जमीन मोजणारा दोन ठिकाणांहून एकच खूण पाहून तिचं अंतर काढतो, तसाच हा त्रिकोण आहे. फक्त इथे त्रिकोणाचा पाया जेमतेम ६९ मिलिमीटरचा.

या रचनेचे दोन परिणाम होतात. लेन्समधून पाहण्यासाठी लागणारा आरसा यात नसल्यामुळे लेन्स फिल्मच्या किंवा सेन्सरच्या अगदी जवळ बसू शकते. लेन्स जिथे बसते त्या लायकाच्या एम माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर २७.८ मिलिमीटर आहे, तर निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं ४६.५. त्यामुळे रुंद कोनाच्या लेन्स लहान आणि हलक्या करता आल्या. दुसरा परिणाम असा, की डोळा लेन्समधून पाहत नाही. खिडकीत जवळचा दगड आणि दूरचा सुळका, दोन्ही सारखेच सुस्पष्ट दिसतात. चित्रात काय धूसर होणार, हे खिडकी सांगत नाही. ते छायाचित्रकाराला ठाऊक असावं लागतं.

डिजिटलचा प्रवास

पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकाचा नव्हता. २००४ मध्ये एप्सनने आर-डी१ आणला. तो जपानच्या कोसिना कंपनीने बांधला होता. सेन्सर ६ मेगापिक्सेलचा आणि आकाराने लहान, त्यामुळे २८ मिलिमीटरची लेन्स जवळपास ४२ मिलिमीटरसारखी वागे. माणसं टिपायला ते चालून जाई, पण विस्तीर्ण दरी मात्र चौकटीत मावत नसे.

२००६ चा लायका एम८ सुमारे १० मेगापिक्सेलचा होता आणि त्याचा सेन्सरही पूर्ण आकाराचा नव्हता. त्याच्या सेन्सरवर अवरक्त किरण अडवणारा थर फार पातळ होता. काळे कृत्रिम धागे जांभळट दिसत, आणि झाडांची पानं अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करत असल्याने हिरवाईचा रंगही बिघडे. शेवटी कंपनीला ग्राहकांना लेन्सपुढे लावायचे खास फिल्टर द्यावे लागले. गंमत अशी, की याच उणिवेमुळे काहींनी एम८ मुद्दाम अवरक्त निसर्गचित्रांसाठी जवळ केला.

निसर्गचित्रणाच्या दृष्टीने मोठी उडी २००९ च्या एम९ ने घेतली: १८ मेगापिक्सेल आणि सेन्सर पूर्ण २४ बाय ३६ मिलिमीटरचा. आता २८ ची लेन्स २८ सारखीच दिसू लागली. अडचण होती ती चित्राच्या कडांना. जुन्या सममित रचनेच्या रुंद लेन्सचा मागचा भाग सेन्सरच्या फार जवळ येतो आणि कोपऱ्यांत प्रकाश तिरका पडतो. फिल्मला त्याने फरक पडत नसे. सेन्सरवर मात्र कोपरे काळवंडतात आणि कडांना जांभळट छटा येते. उपाय म्हणून सेन्सरच्या कडेच्या सूक्ष्म भिंगांची जागा थोडी सरकवली गेली, त्यावरची काच पातळ ठेवली गेली, आणि लेन्सवरचा सहा ठिपक्यांचा संकेत वापरला गेला. तो वाचून कॅमेरा दुरुस्ती करतो. त्या पातळ काचेने पुढे वेगळाच त्रास दिला. एम९ च्या अनेक सेन्सरवरची काच कालांतराने खराब होऊन चित्रात डाग दिसू लागले. जुना एम९ घेताना सेन्सर बदललेला आहे का, हे आधी विचारावं.

२०१२ मध्ये जाहीर झालेल्या एम टाइप २४० मध्ये २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आला आणि त्याबरोबर लाइव्ह व्ह्यू. लेन्सला प्रत्यक्षात काय दिसतंय, हे रेंजफाइंडरच्या इतिहासात प्रथमच मागच्या पडद्यावर पाहता आलं. माझ्या मते डोंगरात जाणाऱ्यांसाठी हा बदल मेगापिक्सेलपेक्षा मोठा होता. २०१७ चा एम१० अंगाने बारीक झाला, २०२० चा एम१०-आर ४० मेगापिक्सेलवर गेला आणि २०२२ चा एम११ ६० वर.

अनंत नावाचं अंतर

डोंगराचं चित्र घ्यायचं तर लेन्स अनंतावर लावली की झालं, असं वाटतं. रेंजफाइंडरच्या बाबतीत इथेच सर्वात जास्त काळजी लागते. ६९ मिलिमीटरच्या पायावर शंभर मीटरवरचं झाड आणि क्षितिजावरचा डोंगर यांच्या कोनातला फरक एका अंशाच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतका असतो. खिडकी दृश्य थोडं लहान करून दाखवते, त्यामुळे तो आणखी कमी जाणवतो. म्हणजे आतला दांडा केसभर जरी हलला, तरी अनंताची खूण खोटी ठरते. कॅमेऱ्याला धक्का बसला असेल, तर दूरच्या मनोऱ्यावर किंवा सुळक्यावर रोखून लेन्स अनंताला टेकवावी आणि दोन्ही प्रतिमा एक होतात का ते पाहावं. होत नसतील तर कॅमेरा जाणकाराकडे द्यावा.

दुसरी मर्यादा कोकणच्या किनाऱ्यावर लगेच कळते. खिडकीतली प्रतिमा आडवी सरकते, आणि समुद्राचं क्षितिजही आडवंच. दोन आडव्या रेषा एकमेकींवरून कितीही सरकल्या तरी काहीच उमगत नाही. तिथे गलबताची डोलकाठी किंवा माडाचं खोड शोधावं, नाहीतर कॅमेरा उभा धरून फोकस करावा.

पण निसर्गचित्रणात रेंजफाइंडरचा खरा आधार खिडकीत नाही, लेन्सच्या अंगावर कोरलेल्या आकड्यांत आहे. अंतराच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना ॲपर्चरच्या खुणा असतात. २८ ची लेन्स एफ/८ वर ठेवून तीन मीटरला लावली, तर पट्टीच्या हिशेबाने दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत सारं स्पष्ट यायला हवं. हा हिशेब फिल्मच्या काळातला आहे. त्यात मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढा धूसर ठिपकाही स्पष्ट मानला जातो, आणि एम११ च्या सेन्सरवर तेवढा ठिपका जवळपास नऊ पिक्सेल व्यापतो. मोठ्या प्रिंटमध्ये ते दिसतं. म्हणून ॲपर्चर एफ/८ ठेवावं, पण पट्टीवर एफ/४ च्या खुणा वाचाव्यात. मग फोकस सहा मीटरवर जातो आणि तीन मीटरपासून पुढचं सगळं खरोखर स्पष्ट येतं. एफ/१६ पर्यंत बंद करण्याचा मोह आवरावा. तिथे प्रकाशाच्या विवर्तनाने सारंच चित्र मऊ पडतं.

हा हिशेब एकदा हाताला बसला की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच फोकस झालेला असतो. धुक्याचा पडदा क्षणभर फाटतो आणि समोरचा कडा उघडा पडतो, तेव्हा फक्त बटण दाबायचं उरतं. दाट धुक्यात ऑटोफोकस पकड शोधत पुढेमागे फिरत राहतो, तिथे हातानं लावलेली लेन्स जागची हलत नाही.

चौकट आणि तिच्याबाहेरचं

खिडकीत प्रत्येक लेन्ससाठी उजळ रेषांची चौकट दिसते. ५० किंवा ७५ मिलिमीटर लावली असताना चौकटीबाहेरचा मुलूखही डोळ्यासमोर असतो: ढगाची सावली कुठून येतेय, धुकं दरीतून कुठवर चढलंय, हे सगळं. निसर्गचित्रण म्हणजे बऱ्याच अंशी प्रकाशाची वाट पाहणं. येणारा प्रकाश चौकटीत शिरण्याआधी दिसणं ही या कॅमेऱ्याची मोठी देणगी आहे. २८ ला ही मोकळीक जवळजवळ संपते, कारण तिची चौकट खिडकीच्या कडेला टेकते. २१ किंवा त्याहून रुंद लेन्सला वेगळा फाइंडर लावावा, नाहीतर लाइव्ह व्ह्यू वापरावा.

चौकटीच्या रेषा मात्र अंदाजे असतात. अलीकडच्या एम कॅमेऱ्यांत त्या दोन मीटर अंतरासाठी बेतलेल्या आहेत; दूरच्या दृश्यात सेन्सरवर त्याहून थोडं जास्त येतं. कडेला टाळलेला विजेचा खांब मग चित्रात हजर होतो. याहून नाजूक गोष्ट म्हणजे खिडकी आणि लेन्स एका जागी नाहीत. चौकट फोकसबरोबर सरकून जुळवून घेते, पण पुढचा दगड आणि मागचा सुळका यांचं परस्परांतलं स्थान ती बदलू शकत नाही. ज्या चित्राचा जीव अशा जवळ-दूरच्या जुळणीत आहे, त्यासाठी तिवई आणि लाइव्ह व्ह्यू हवाच.

पोलरायझर आणि ग्रॅज्युएटेड फिल्टरचंही तसंच. पूर्वी पोलरायझर डोळ्यापुढे धरून फिरवायचा, कडेवरचा आकडा लक्षात ठेवायचा आणि त्याच खुणेवर तो लेन्सला बसवायचा, असा खटाटोप होता. लाइव्ह व्ह्यूने तो संपवला. कृष्णधवल चित्रं काढणाऱ्याला लायकाच्या मोनोक्रोम मॉडेलमध्ये वेगळा आनंद मिळतो. २०१२ पासून येणाऱ्या या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर रंगांची जाळीच नाही, त्यामुळे पिवळा, नारिंगी, लाल फिल्टर फिल्मच्या काळासारखे काम करतात आणि आकाश गडद होऊन ढग उठून दिसतात. मात्र ढगाचा पांढरा एकदा जळला की तो परत मिळवायला दुसरा रंग शिल्लक नसतो. उजळ भागाला जपूनच एक्स्पोजर द्यावं.

सह्याद्रीत नेताना

काळा एम११ बॅटरीसह ५३० ग्रॅमचा आणि २८ ची एल्मारिट लेन्स दोनशे ग्रॅमच्या आत. दिवसभराच्या चढाईत हा हलकेपणा खांद्याला कळतो, आणि गळ्यात राहतो तो कॅमेरा पिशवीत राहणाऱ्यापेक्षा जास्त चित्रं आणतो. पण पाऊस हा याचा शत्रू आहे. एम मालिकेला पाणी रोखण्याची हमी नाही, आणि आपले डोंगर सर्वात देखणे दिसतात ते पावसाळ्यातच. सततच्या धारेत तो बाहेर काढू नये. घरी परतल्यावर लेन्स कोरड्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवाव्यात. कोकणातल्या दमट हवेत भिंगांना बुरशी लवकर धरते. हाताचा कंप सावरणारी यंत्रणाही यात नाही, त्यामुळे पहाटेच्या कमी उजेडात छोटी तिवई न्यावी.

घ्यावा की नाही

आज आरसा नसलेले इतर कॅमेरेही लहान आहेत. त्यांचं अचूक दृश्य, पाण्यापासून संरक्षण आणि स्थिरता पाहिली, तर केवळ तांत्रिक गुणांवर रेंजफाइंडर हरतो. २०२५ मध्ये खुद्द लायकानेच रेंजफाइंडर काढून त्याजागी इलेक्ट्रॉनिक फाइंडर बसवलेला एम ईव्ही१ आणला. त्यामुळे आता हा प्रश्न आवडीचा राहिलेला आहे, गरजेचा नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ज्यांना पहाटे एकाच जागी तिवई रोवून फिल्टर लावत पुढचा दगड आणि मागचा डोंगर मिलिमीटरने जुळवायचे आहेत, त्यांनी लाखो रुपये यात घालू नयेत. त्यांचं काम दुसरे कॅमेरे अधिक चांगलं करतील. जे दिवसभर चालतात, वाटेत थांबतात, अंतर नजरेने मोजायला आणि प्रकाशाची वाट बघायला ज्यांना आवडतं, त्यांना याच्याइतका साथ देणारा कॅमेरा मला माहीत नाही. त्यांनी नव्याकोऱ्या एम११ पासून सुरुवात करण्याची गरज नाही. अनंताचा फोकस तपासून घेतलेला वापरलेला एम टाइप २४० आणि एक २८ किंवा ३५ ची लेन्स एवढं निसर्गचित्रणाला पुरेसं आहे. त्याआधी हातात असलेल्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस बंद करून एक पावसाळा काढून पाहावा. अंतराचा हिशेब आवडू लागला, तर रेंजफाइंडर तुमच्यासाठी आहे.