ओमिक्रॉन म्हणजे लहान ओ

डिसेंबर २०२१मध्ये ओमिक्रॉनचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीत सापडला आणि हा शब्द आपल्या घराघरांत शिरला. कुणी ओमायक्रॉन म्हणायचं, कुणी ओमिक्रॉन. ऐकणाऱ्याला वाटावं, काहीतरी अक्राळविक्राळ असणार. अर्थ मात्र साधा आहे. 'ओ मिक्रोन', म्हणजे लहान ओ. ओमेगा म्हणजे मोठा ओ.

आता अक्षराला लहान-मोठं म्हणायची वेळ का यावी? प्राचीन ग्रीकांवर ती आली नव्हती. ते या अक्षराला नुसतं 'ओ' असं लांबवून म्हणत. एक ओ ऱ्हस्व, दुसरा दीर्घ, आणि फरक कानालाच कळे. पुढे उच्चारातला फरक पुसला गेला, लेखनात तेवढा उरला. मग बायझंटाइन काळातल्या व्याकरणकारांना सांगावं लागलं, इथे लहान ओ काढा, तिथे मोठा. एप्सिलॉन म्हणजे 'साधा ए', तेही याच अडचणीतून आलेलं नाव.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. पोराला आपण 'पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी' असं का सांगतो? शब्दाच्या शेवटी इ आणि ई आपल्या तोंडात वेगळे राहिले असते, तर नुसता उच्चार करून भागलं असतं. १९६२च्या नियमांआधी 'कवि' बरोबर होतं, आता 'कवी' बरोबर. बोलणाऱ्याच्या तोंडात काहीच बदललं नाही. गारखेड्यात कुणाच्याही कानाला तो फरक लागणार नाही. तरी तेवढ्यावरून गुण कापले जातात, आणि पोरगं मनाशी ठरवून टाकतं की आपल्याला मराठी येत नाही. अहो, येतं की त्याला! येत नाही तो फक्त कधीकाळचा उच्चार. नियम जरूर शिकवा, पण तो कुठून आला हेही सांगा, एवढं माझं म्हणणं आहे.

विषाणूंना ही अक्षरं ३१ मे २०२१ला जागतिक आरोग्य संघटनेनं दिली, देशाच्या नावानं रोग ओळखला जाऊ नये म्हणून. डेल्टाला तोवर जगभर 'भारतीय' म्हणत होते, हे विसरू नका.

अक्षराचा आकार याहून जुना. ग्रीकांनी लिपी घेतली फिनिशियन लोकांकडून. त्यांच्याकडे हे अक्षर 'अयिन', म्हणजे डोळा, म्हणून गोल. तो घशातला व्यंजनोच्चार ग्रीकांना नको होता. त्यांनी अक्षर स्वरासाठी वापरलं आणि नाव टाकून दिलं. अल्फा, बीटा ही सेमिटिक नावं टिकली, याचं गेलं. ग्रीकांकडून गेलं, एवढंच! आपल्या शहरात उर्दू शिकलेल्या कुणालाही विचारा, 'ऐन' अक्षर त्याला ठाऊक असतं. तेच हे. अरबीत ऐन म्हणजे डोळा. त्यावरूनच चष्म्याला ऐनक. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'तोच, नेमका', आणि तो मराठीत मुरला : ऐन वेळी, ऐन दिवाळीत, ऐन उमेदीत.